पाच ठोके, एक उत्तर

१

मी काय काम करते हे सांगितलं की समोरच्याचे दोनच प्रकारचे चेहरे होतात. एक "अरे वा!" म्हणून विषय बदलणारा, आणि दुसरा "म्हणजे नक्की काय?" असं विचारून पस्तावणारा. तुम्ही दुसऱ्या प्रकारचे असाल तर ऐका. तेलविहीर खणणाऱ्या पाइपची थरथर मी मोजते.

पाइप तीन किलोमीटर लांब असतो. वर मोटर त्याला फिरवते आणि खाली टोकाला बसवलेला बिट, म्हणजे दात्यांचा लोखंडी गोळा, खडक कुरतडत जातो. एवढा लांब पाइप सरळ वागत नाही. खाली बिट अडकतो, वर मोटर फिरतच राहते, पाइपला दोरीसारखा पीळ बसत जातो, आणि मग बिट एकदम सुटून भन्नाट फिरतो. पुन्हा अडकतो, पुन्हा सुटतो. या हिसक्यांनी पाइप तुटतात. गेल्या वर्षी एक तुटला तेव्हा एका कामगाराचा खांदा कायमचा गेला. त्याच्या शेजारी, दोन हातांवर, माझा दादा उभा होता.

दादा त्या रिगवर, म्हणजे विहीर खणणाऱ्या मनोऱ्यावर, ड्रिलर आहे. पंधरा दिवस रिगवर, पंधरा दिवस घरी. घर म्हणजे तो, वहिनी आणि मी. त्यामुळे ही थरथर कशी शमवायची हे शोधणं माझ्यासाठी नुसतं पोटापाण्याचं काम नव्हतं. मला दादा धडधाकट घरी यायला हवा होता.

थरथर शमण्याला पुस्तकात अवमंदन म्हणतात. आमच्या घरात त्याला 'हात ठेवणं' म्हणतात. लहानपणी स्टीलचं ताट फरशीवर पडलं की थणथणत बसायचं, आणि आई बोलणं न थांबवता त्यावर तळहात ठेवायची. ताट गप्प. मी पहिल्यांदा दादाला माझं संशोधन समजावलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे एवढं शिकून तू पाइपवर हात कुठे ठेवायचा ते शोधणार?" हो, अगदी तेच.

यात आमची एक गंमत होती. रोज सकाळी आठला पाळी बदलताना मोटर बंद असते. तेव्हा दादा हातोडीनं पाइपवर ठोकायचा. दोन ठोके, थोडं थांबून तीन. लहानपणी आमच्या दोघांच्या खोल्यांच्या मध्ये एक भिंत होती, तेव्हाची ती खूण. दोन आणि तीन म्हणजे 'आहेस का?' याचं उत्तर एकच ठोका, 'आहे'. अजूनही तो घरी असला की भिंतीवर वाजवतो आणि वहिनी स्वयंपाकघरातून ओरडते, "झालं यांचं सुरू!"

रिगवरचे ते पाच ठोके पाइपच्या डोक्यावरचा सेन्सर टिपायचा आणि शंभर किलोमीटरवर, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या पडद्यावर पाच काटे उमटायचे. मग १.२ सेकंदांनी तेच पाच काटे पुन्हा यायचे, बुटके होऊन. ठोका लोखंडातून तळापर्यंत जाऊन परत यायला तेवढा वेळ लागतो. परतताना तो किती मवाळ झाला, त्यावरून पाइपवर किती 'हात' आहे ते मला कळायचं. दादाचं रोजचं 'आहेस का?' हेच माझं मोजमाप होतं.

२

त्या मंगळवारी सकाळी मी चहाचा कप तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. पाच काटे उमटले होते. पण परतीचे पाच आलेच नव्हते.

सोमवारच्या नोंदी काढल्या. सोमवारीही नव्हते. मी इतर नोंदी बघितल्या आणि खुर्चीतून उडालेच. सोमवार सकाळपासून पाइपची थरथर जवळजवळ बंद झाली होती! ना अडकणं, ना सुटणं. चार वर्षं ज्या रेघेनं माझ्या डोळ्यांसमोर धिंगाणा घातला ती रेघ आता आखून काढल्यासारखी सरळ चालली होती.

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही पाठीमागे 'दशांश' म्हणतो. तुम्ही त्यांना आग लागली असं सांगितलंत तरी ते तापमानाचा तिसरा दशांश विचारतील. मी धावत त्यांना घेऊन आले.

"ठोके गेले कुठे?" ते म्हणाले.

"तेच कळत नाहीये, सर."

"खिडकी केवढी ठेवली आहेस?"

मी कपाळावर हात मारून घेतला. परतीचा ठोका १.२ सेकंदांनी येतो हे ठाऊक असल्यामुळे मी संगणकाला सांगून ठेवलं होतं की १.१ ते १.४ एवढ्याच खिडकीत ऐक, बाकीची खरखर फेकून दे. ही चूक आमच्याच धंद्यातल्या माणसानं करावी. उत्तर कधी येणार हे आम्ही आधीच ठरवून ठेवतो.

खिडकी सताड उघडली. परतीचा ठोका होता. सोमवारी तो १.०५ सेकंदांनी आला होता आणि आज ०.९ सेकंदांनी.

म्हणजे ठोका तळापर्यंत जातच नव्हता. वाटेतच, तळापासून सात-आठशे मीटर वर, कशावर तरी आपटून परत येत होता. मी मॉडेल बदललं. आजवर मी सगळ्या पाइपभर सारखं अवमंदन धरत होते. आता ते एकाच जागी, वीतभर लांबीत, एकवटून धरलं. मॉडेलची रेघ आणि रिगची रेघ एकमेकींवर अशी चपखल बसली की दोन रेघा आहेत हे सांगावं लागलं असतं.

"तिसऱ्या दशांशापर्यंत," दशांश म्हणाले आणि त्यांनी चक्क टाळी दिली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

३

दुपारी दादाचा फोन आला. रिगच्या मचाणावर मोबाइल चालत नाही, ठिणगीची भीती असते. जेवणाच्या सुट्टीत तो केबिनमधून बोलायचा.

"काय गं शहाणे, आज पाइपला काय खायला घातलंस?"

"दादा! तुलाही जाणवलं?"

"जाणवलं म्हणजे काय? दोन दिवस मांजरासारखा गप्प आहे. आमचा मिस्त्री म्हणतो, कुणीतरी खालून हात ठेवलाय."

"अरे, मॉडेलही तेच म्हणतंय! अगदी तेच! एकाच जागी, वीतभर!"

"वीतभर म्हणजे हाताएवढंच की," तो हसला. "आईचा असेल."

मीही हसले. मग मी जे बोलले ते शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यानंतर मी ते रोज आठवते. मी म्हणाले, "दादा, उद्या माझं एक काम कर. फक्त आठ वाजता नको, नवा पाइप जोडायला मोटर थांबेल तेव्हा दर वेळी ठोक. आणि ग्लोव्ह काढून पाइपवर हात ठेवून बघ, थरथर लागते का. सेन्सरपेक्षा तुझ्या हातावर माझा जास्त विश्वास आहे."

"ठोकतो. पण शोध लागला तर माझंही नाव छापायचं."

"आधी तुझं, मग माझं," मी म्हणाले. मला त्या दिवशी जेवणही सुचलं नाही, इतकी मी आनंदात होते.

४

बुधवारी आठला माझ्या टेबलाभोवती अर्धं ऑफिस जमलं होतं. मोटर थांबली. पाच काटे. परतीचा ठोका ०.७५ सेकंदांनी. मी हिशोब केला. ती जागा आता जमिनीखाली एकोणीसशे मीटरवर होती.

"वर सरकतेय," कुणीतरी म्हणालं.

आठ चाळीसला, ०.६. पंधराशे मीटर. नऊ वीसला, ०.४५. साडेअकराशे. मी फळ्यावर आकडे लिहीत होते आणि दर आकड्याला लोक क्रिकेटच्या मॅचसारखे ओरडत होते. गाळाची गुठळी वर येत असेल, एक जण म्हणाला. पाइप कुठेतरी वाकून भिंतीला टेकला असेल आणि ती टेकण्याची जागा सरकत असेल, मी म्हणाले. मला स्वतःचं म्हणणं पटलंही. वाकलेला पाइप तसं वागू शकतो.

दहा वाजता, ०.३. पावणेआठशे मीटर.

तेव्हा पहिली शंका आली. पायरी दर वेळी सारखीच होती, ०.१५. गुठळी अशी मोजून पावलं टाकत नाही. मी मधल्या वेळातली, मोटर चालू असतानाची नोंद तपासली. ठोक्या-ठोक्यांच्या मध्ये ती जागा तसूभरही हलत नव्हती. दादा ठोकायचा, आणि मगच ती एक पायरी वर यायची.

"सर," मी हळूच म्हणाले, "ही फक्त ठोकल्यावरच हलते."

"उत्तम! म्हणजे आपण ती हलवू शकतो," दशांश म्हणाले. ते वरच्या साहेबांना बोलवायला धावत गेले. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं.

दहा चाळीसला, ०.१५. पावणेचारशे मीटर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पडद्यावरचा काटा मोठा करून पाहिला. ठोका इतक्या जवळून आला होता की आता त्याचा आकार स्वच्छ दिसत होता. मी हातातला खडू खाली ठेवला.

प्रतिध्वनी मोजून येतो. पाच ठोके दिले तर पाच परत येतात. रोज पाचाचे पाच येत होते. सोमवारपासून मी फक्त *केव्हा* बघत होते, *किती* बघितलंच नव्हतं. मागच्या सगळ्या नोंदी भराभरा उघडल्या. सोमवार, मंगळवार, आज सकाळपासूनच्या सगळ्या.

पाच ठोके जात होते. उत्तर एकच येत होतं.

'आहेस का?'

'आहे.'

५

मी रिगच्या केबिनला फोन लावला. उचलला तिथल्या केबिनवाल्या काकांनी, ज्यांना कधीच घाई नसते.

"काका, दादाला सांगा ठोकू नको म्हणून! आत्ताच्या आत्ता!"

"काय ठोकू नको?"

"पाइप! पाइपवर ठोकू नको, आणि हात लावू नको!"

"अगं, पण तूच तर सांगितलंस म्हणे. सकाळपासून सांगतोय सगळ्यांना, बहिणीचा शोध लागला म्हणून. थांब, निरोप देतो."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा, मग दाराचा. मी कानाला फोन आणि पडद्याला डोळे लावून बसले. घड्याळात अकरा वीस झाले. मोटर थांबली.

ठक ठक. ठक ठक ठक.

या वेळी वेगळा परतीचा काटा आलाच नाही. दादाच्या शेवटच्या ठोक्याच्या बरोब्बर अंगावर, त्याच क्षणी, दुसरा एक काटा होता. अंतर शून्य. आणि लगेच पडद्यावरच्या सगळ्या रेघा, पीळ, ताण, दाब, सगळ्या सपाट झाल्या. सेन्सर बंद पडला की शून्य दाखवतो. हे शून्य नव्हतं. सगळं जागच्या जागी धरून ठेवल्यासारखं होतं.

मी श्वास रोखला होता म्हणून मला कळलं की ते फार वेळ टिकलं नाही. १.२२ सेकंद. विहीर तोवर आणखी खोल गेली होती, तीन हजार एकशे दहा मीटर, आणि तळाशी जाऊन परत यायला आता तेवढाच वेळ लागायचा.

१.२२ सेकंदांनी, तीन दिवसांत पहिल्यांदाच, तळातून काहीतरी आलं. अगदी क्षीण. एक ठोका.

माझ्यामागे लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी माझा खांदा थोपटला. फोनमध्ये दार उघडल्याचा आवाज आला आणि केबिनवाले काका, ज्यांना कधीच घाई नसते, धापा टाकत म्हणाले, "पोरी, तू इकडे ये."

६

मी पोचले तेव्हा दादा कामगारांच्या खोलीत बाकावर बसला होता. हातीपायी धड. रक्त नाही, खरचटलेलंसुद्धा नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि मी त्याच्या गळ्यात पडून रडले. त्यानं मला थोपटलं. जरा उशिरानं थोपटलं, पण तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

मिस्त्री मला बाहेर घेऊन गेला. "ताई, साहेबांनी पाच ठोके दिले, हातोडी ठेवली, ग्लोव्ह काढला आणि पाइपवर हात ठेवला. मग म्हणाले, 'अरे, कोण आहे?' माझ्याकडे बघून नाही म्हणाले. पाइपकडे बघून. आणि उभेच राहिले. आम्ही तिघांनी मिळून हात सोडवला."

मला बघायचं होतं. तो मचाणावर घेऊन गेला. पाइपवर ओल्या राखाडी चिखलाचा थर होता, आणि त्यात छातीएवढ्या उंचीवर दादाच्या हाताचा ठसा होता. अंगठ्याचं तुटलेलं नखसुद्धा ओळखू येत होतं. मी वळसा घालून पाइपच्या पलीकडे गेले.

तिथेही एक होता. बरोब्बर त्याच उंचीवर. बोटं वर, मनगट खाली, आणि मनगटापासून विहिरीच्या तोंडापर्यंत चिखलात एक लांब, अखंड ओरखडा. अंगठ्याचं नख तसंच तुटलेलं होतं.

"दोन्ही हात लावले असतील," मिस्त्री म्हणाला.

"दोन्ही उजवे?"

त्यानं खिशातून फडकं काढलं आणि पाइप पुसून टाकला.

७

डॉक्टर म्हणाले, अतिश्रमाचा त्रास, पंधरा दिवस विश्रांती. दादा घरी आला. जेवायचा, झोपायचा, गॅलरीत बसायचा. वहिनी म्हणाली, "हल्ली विचार करून बोलतात. बरं आहे की."

विचार करून नव्हे. मी ऐकत होते. "दादा, चहा?" मध्ये एक पोकळी. मग "हो." "दादा, पंखा वाढवू?" पोकळी. "गरम आहे गं इथे." बाहेर गारठा होता, वहिनीनं स्वेटर घातला होता. ती पोकळी नेहमी सारखीच. सोपा प्रश्न असो की अवघड, एवढीच.

तिसऱ्या दिवशी मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. पंचवीस प्रश्न विचारले, तो बिचारा सगळ्यांची उत्तरं देत बसला. सरासरी काढली. १.२८ सेकंद. मी बाथरूममध्ये जाऊन केबिनवाल्या काकांना फोन केला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, विहीर आज किती खोल?

तीन हजार दोनशे साठ मीटर. खाली जाऊन वर यायला १.२८ सेकंद.

मी नळ सोडून त्या आवाजात रडले. पण खरं सांगते, ते रडणं निम्मं आनंदाचं होतं. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी माझ्या खोलीत गेले आणि भिंतीवर वाजवलं. दोन, थोडं थांबून तीन. मग मनात मोजत राहिले. १.२८ सेकंदांनी पलीकडून एक ठोका आला. आहे! दादा आहे! समोर बसलेला कुणीही असो, मला उत्तर देणारा तो होता, सव्वातीन किलोमीटर खालून, त्या उकाड्यातून, अजूनही. मी वेड्यासारखी भिंतीला गाल लावून बसले.

रोज विहीर खोल जायची आणि रोज पोकळी वाढायची. १.३०. १.३२. माझ्या उशीखाली वही होती. दोन्ही आकडे कधी चुकले नाहीत. विहीर खणत होते तोवर पाइप खाली होता, आणि पाइप होता तोवर दादापर्यंत वाट होती. तो वर कसा येणार हे मला माहीत नव्हतं, पण जे वर आलं तेही ठोक्या-ठोक्यानंच आलं होतं. मग मीही रोज ठोकत होते. दिवसातून शंभर वेळा. एकदाही उत्तर ०.१५नं जवळ आलं नाही.

८

नवव्या दिवशी दशांशांचा फोन आला. विहीर कोरडी निघाली. तीन हजार पाचशे सत्तर मीटरवर काम थांबवलं होतं. उद्या सकाळी अकराला तळापासून सिमेंट भरून विहीर बुजवणार.

मी ऑफिसात गेले, वही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मी हात जोडले. कधी कुणापुढे जोडले नव्हते. त्यांनी वहीतले आकडे वाचले, एकेक, बोट ठेवून. शेवटी ते थांबले. मला वाटलं, आता तिसरा दशांश विचारतील. विचारला असता तर मी त्यांच्या पाया पडले असते.

"माणसाला उत्तर द्यायला सव्वा-दीड सेकंद लागणं नवल नाही," ते मऊ आवाजात म्हणाले. "रजा घे. तुझ्या मॉडेलमुळे कुणाला खरचटलं नाही, हे लक्षात ठेव."

मिस्त्रीला फोन केला. "ताई, माझ्या हातात असतं तर..." म्हणाला. "मी पाइपवर ठोकून बघतो सिमेंट सोडायच्या आधी. पाच." त्यानं ठोकलंही. त्याच्याकडे सेन्सर नव्हता, काढून नेला होता. उत्तर आलं की नाही ते त्याला कळलं नाही.

सकाळी अकराला मी आणि दादा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसलो होतो. वहिनी पोळ्या लाटत होती. मी बोटाच्या पेरानं टेबलावर वाजवलं. दोन, तीन. १.४ सेकंद. दादाच्या बोटानं एक ठोका दिला. परत. १.४. एक. परत. तो माझ्याकडे बघत होता, पण डोळे इथे नव्हते. अकरा दहा. १.४. अकरा पंधरा. १.४, पण ठोका इतका हळू की टेबलाला कान लावावा लागला. "दादा," मी म्हणाले, "दादा, मी आहे रे इथे."

पोकळी. मग त्याचे ओठ हलले. "शहाणे," तो म्हणाला.

मी परत वाजवलं. दोन, तीन.

टक.

स्टॉपवॉचवर माझा अंगठा पोचलाच नव्हता.

"किती ठोकतेस गं? डोकं उठलं माझं," दादा म्हणाला. लगेच. माझा हात टेबलावरून उचलला जायच्या आत.

वहिनीच्या हातातून ताट सुटलं. फरशीवर थणथणलं. दादा खाली वाकला आणि त्यावर तळहात ठेवला. ताट गप्प. "अहो," वहिनी हसत, डोळे पुसत म्हणाली, "अहो, तुम्ही पहिल्यासारखे बोललात!"

"मग कसा बोलणार?" तो हसून म्हणाला. अगदी दादासारखा.

९

त्याला महिना झाला. डॉक्टर खूश आहेत. तो चटपटीत झालाय, तुमचा प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. कधी कधी संपायच्या आधीही. वहिनी गाणं गुणगुणते. मी तिला काय सांगू? तिचा नवरा बरा झाला त्या क्षणाची वेळ माझ्या वहीत आहे आणि त्यापुढे आकडा नाही.

रोज सकाळी आठला पलीकडच्या खोलीतून भिंतीवर वाजतं. दोन ठोके, थोडं थांबून तीन. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडते, "झालं यांचं सुरू! अगं, दे की उत्तर, किती वाट बघायला लावतेस?"

मी दोन्ही हात काखेत घट्ट धरून बसते. उत्तर दिलं की एक पायरी जवळ, हे मला पक्कं माहीत आहे. मी फक्त मोजते. १.४ सेकंद, पूर्ण. कुठूनतरी, फरशीखालून, दुसरं काही येतंय का ते ऐकते.

मग उठून दात घासायला जाते.